आपल्या डोक्यावरचं छत

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. वेळेअभावी बोलायचं राहून गेलेले एक-दोन मुद्दे लिहिताना जोडले आहेत.)



मला पाच-दहा मिनिटं बोलायला सांगितलं आहे. सोसायटीच्या पंचवीस वर्षांच्या आठवणी सांगायला माझ्यापेक्षा जुनी मंडळी इथे बसली आहेत. मी एकाच आठवणीबद्दल बोलणार आहे. ती आठवण म्हणजे आपली गच्ची.

आपण २००० साली राहायला आलो तेव्हा चौथा मजला घेणारे आम्ही चौघं म्हणजे पैशाने कमी पडलेले लोक होतो. खालच्या फ्लॅटपेक्षा वरचा स्वस्त मिळत होता. बिल्डरचा माणूस म्हणाला, "मॅडम, वर हवा मस्त येते." हवा येत होती, खोटं कशाला बोलू? पण नागपूरच्या मे महिन्यात ती हवा कशी असते हे मी इथे जन्मलेली बाई असून विसरले, याला काय म्हणायचं!

पहिल्या उन्हाळ्यात माझ्या सासूबाई गावाहून आल्या. वर्ध्याकडचं आमचं घर धाब्याचं. लाकडी कड्या, त्यावर फळ्या आणि वर वीतभर-दीड वीत जाडीची माती. बाहेर कितीही ऊन असो, आत शिरलं की डोळे निवायचे. त्या घरात पन्नास वर्षं काढलेल्या आई आमच्या नव्या सिमेंटच्या घरात रात्री अकरा वाजता उठून बसल्या, छताकडे बघितलं आणि म्हणाल्या, "काय वं, हे छत हाय का तवा?"

मी शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. उष्णतेचे वहन, अभिसरण, प्रारण हे तीन शब्द फळ्यावर किती वेळा लिहिले असतील त्याला गणती नाही. पण ते माझ्या घरात, माझ्याच डोक्यावर चाललेत, हे आईंच्या त्या वाक्याने लक्षात आलं.

तवा कसा तापतो ते थोडक्यात सांगते. आपला स्लॅब पाच इंचांचा. सकाळपासून ऊन त्यावर पडतं. काँक्रीट उष्णता हळूहळू पीत जातं. वरचा पृष्ठभाग दुपारी सगळ्यात जास्त तापतो, पण ती उष्णता खालच्या बाजूला पोहोचायला काही तास लागतात. म्हणजे बाहेर ऊन उतरतं तेव्हा आपलं छत आतून तापायला लागतं. संध्याकाळी सात वाजता बाहेर जरा बरं वाटतं आणि घरात शिरलं की भट्टी. मग आपण पंखा लावतो. छताखाली साचलेली गरम हवा पंखा आपल्या अंगावर आणून सोडतो. आणि हवा सोडून द्या, तापलेलं छत निखाऱ्यासारखं थेट अंगावर उष्णता फेकत असतं. त्याला हवा लागतच नाही. म्हणून कूलरसमोर बसूनही डोकं तापलेलं राहतं.

या सगळ्यावर मी काय काय उपाय केले ते सांगते, म्हणजे नवीन सभासदांनी तेच करून पैसे घालवू नयेत.

पहिला उपाय, संध्याकाळी गच्चीवर पाणी मारणं. पहिली बादली टाकली की चर्र आवाज यायचा, वाफ यायची, बरं वाटायचं. पण उन्हाळ्यात पाणी आधीच कमी. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा विचारलं, "आम्ही भांडी कशाने घासायची?" बरोबरच होतं त्यांचं. शिवाय तापलेल्या स्लॅबवर रोज गार पाणी ओतलं की त्याला भेगा पडायला मदत होते.

दुसरा उपाय, कूलर. कोरड्या उन्हात आपल्या विदर्भात कूलरसारखं साधन नाही. पण जूनच्या पहिल्या आठवड्यात ढग आले, हवेत ओल आली, की तोच कूलर अंग चिकट करण्यापलीकडे काही करत नाही. आणि छत मात्र तापलेलंच.

तिसरा उपाय २०१४ साली केला. झोपायच्या खोलीत पीओपीचं फॉल्स सीलिंग बसवलं. दिसायला छान. थोडा फरक पडला, नाही असं नाही. पण वरचा स्लॅब होता तसाच तापत राहिला आणि मधल्या पोकळीतली हवा तापून तीच उष्णता खाली झिरपायला लागली. दुसऱ्या पावसाळ्यात स्लॅबमधून गळायला लागलं. पीओपीमुळे गळती कुठून आहे तेच दिसेना. शेवटी अर्धं फोडलं.

चौथा उपाय सोसायटीने केला आणि तो चुकला. हे बोलताना कुणाला दोष द्यायचा नाही, कारण त्या सभेत मीही हात वर केला होता. गळती थांबावी म्हणून २०१५ साली आपण 'अ' इमारतीच्या गच्चीवर डांबराचा काळा पट्टा चिकटवून घेतला. गळती थांबली. पण काळा रंग ऊन परत पाठवत नाही, सगळं गिळतो. पुढच्या उन्हाळ्यात आमच्या घरात भट्टी पेटली.

आता मुख्य प्रसंग. २०१९चा मे महिना. नवतपा सुरू होता. रात्री दोन वाजता आई काहीतरी असंबद्ध बोलायला लागल्या. अंग तापलेलं, जीभ कोरडी. वय ब्याऐंशी. आमच्या चार जिन्यांवरून त्यांना खुर्चीत बसवून खाली आणलं ते पहिल्या मजल्यावरच्या काकांच्या दोन मुलांनी. दवाखान्यात तीन दिवस सलाइन चढली. सोडताना डॉक्टर म्हणाले, "पाऊस पडेपर्यंत त्यांना त्या खोलीत झोपवू नका."

हे ऐकल्यावर काका स्वतः म्हणाले, "वहिनी, आजी आमच्याकडे राहतील." आणि आई तीन आठवडे पहिल्या मजल्यावर राहिल्या.

हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण हेच काका आदल्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत माझ्याविरुद्ध उभे राहिले होते. मी गच्चीवर उष्णतारोधक थर घालावा असा विषय मांडला होता. त्यावर ते म्हणाले होते, "तुम्हाला फ्लॅट स्वस्तात मिळाला तेव्हा कुणी तक्रार केली नाही. आता तुमच्या उन्हाचा खर्च बत्तीस घरांनी का करायचा? ज्याला गरम होतं त्याने एसी घ्यावा." टाळ्याही पडल्या होत्या. मला फार लागलं होतं ते. वर्षभर जिन्यात भेटलो की मी मान खाली घालून जायचे.

आई त्यांच्याकडे राहत असताना एक दिवस काका संध्याकाळी आमच्याकडे काहीतरी द्यायला वर आले. मी म्हटलं, "काका, पाच मिनिटं त्या खोलीत बसा." ते बसले. पंखा लावला. पाच मिनिटांनी घाम पुसत बाहेर आले आणि म्हणाले, "वहिनी, सप्टेंबरच्या सभेत विषय परत मांडा. सूचक मी."

त्या सभेत आपण जो मार्ग काढला तो मला आजही योग्य वाटतो. गच्ची सोसायटीची, तिची दुरुस्ती आणि गळती थांबवणं ही सोसायटीची जबाबदारी, हे तर उपविधीतच आहे. तो खर्च दुरुस्ती निधीतून झाला. उष्णतारोधक थराचा वाढीव खर्च मात्र अर्धा सोसायटीने आणि अर्धा वरच्या चार घरांनी करायचा, असं ठरलं. आम्हाला प्रत्येकी अठरा हजार आले. एका एसीच्या किमतीपेक्षा कमीच.

निधी एकाच इमारतीपुरता होता. म्हणून गळती जास्त असलेली 'अ' इमारत आधी घेतली. जानेवारी आणि फेब्रुवारी २०२० मध्ये काम झालं. ते कसं झालं हे इथे नोंदवून ठेवते, कारण पुढच्या पंचवीस वर्षांत कुणीतरी पुन्हा गच्ची करणार आहे, आणि तेव्हा आमच्यापैकी बरेच जण सांगायला नसतील.

आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावलं. जुन्या कोब्यावर नवा कोबा, त्यावर आणखी एक, असे पुरणपोळीसारखे थर चढवायचे नाहीत, हे त्यांनी पहिल्यांदा सांगितलं. चार इंच विटांच्या कोब्याचं वजन चौरस मीटरला दीडशे-दोनशे किलो भरतं. ते सगळं आपल्या खांबांवर येतं. म्हणून काळा पट्टा काढला, हातोडीने ठोकून जिथे पोकळ आवाज आला तो जुना कोबा काढला आणि वजन आधी कमी केलं.

मग उतार नीट केला, म्हणजे पाणी मोरीकडे जाईल. वॉटरप्रूफिंग केलं. त्यानंतर गच्चीत पाणी भरून तीन दिवस ठेवलं आणि आम्ही वरच्या चारही घरांत टॉर्च घेऊन छत बघत बसलो. ही पाणी भरण्याची चाचणी कुणीही, कितीही घाईत असला तरी, वगळू देऊ नका. वरचा थर एकदा बसला की खालची चूक सापडत नाही.

त्यानंतर उष्णतारोधक पत्रे बसवले. थर्माकोलच्या जातीचेच, पण घट्ट, पाणी न पिणारे, दोन इंच जाडीचे. हातात घेतले तर वजनच नाही. उष्णता या पत्र्यातून काँक्रीटपेक्षा चाळीस-पन्नास पट हळू जाते. म्हणजे दोन इंचांचा हा पत्रा उष्णता अडवण्याच्या बाबतीत सात-आठ फूट जाडीच्या काँक्रीटच्या बरोबरीचा. पत्र्यांच्या सांध्यांत फट राहू दिली नाही, कारण उष्णता फटीतूनच वाट काढते. त्यावर जाळी घालून सिमेंटचा पातळ थर आणि सगळ्यात वर पांढऱ्या चिनी मातीच्या फरशांचे तुकडे. पांढरा रंग ऊन परत पाठवतो, जे उरतं ते पत्रा अडवतो. दोन्ही लागतात.

केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ साली घरांसाठी 'इको-निवास संहिता' आणली. आत-बाहेर एक अंशाचा फरक असेल तर छताच्या एक चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता जावी, याची कमाल मर्यादा त्यात १.२ आहे. नुसत्या पाच इंची स्लॅबचा हा आकडा तीनच्या पुढे जातो. दोन इंची पत्रा घातला की तो एकच्या खाली येतो. म्हणजे आपण काही चैन केली नाही. नवीन घराला जे असायला हवं ते जुन्या घराला उशिरा दिलं.

'ब' इमारतीला पैसे उरले नव्हते. तिथल्या मुलांनी एका रविवारी गच्ची झाडून, धुऊन चुना मारला. चुना घट्ट बसावा म्हणून त्यात थोडा गोंद घातला. खर्च अगदी किरकोळ. हाही खरा उपाय आहे. अहमदाबादेत २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर २०१३ साली उष्माघाताविरुद्धचा कृती आराखडा झाला, आणि पुढे तिथे गरीब वस्त्यांची छतं पांढरी करण्याचं काम हाती घेतलं गेलं. तेलंगणाने तर २०२३ मध्ये थंड छतांचं धोरणच जाहीर केलं. चुन्याची एकच अडचण, धूळ बसली, शेवाळ धरलं की तो काळवंडतो. दरवर्षी होळीच्या आधी पुन्हा मारावा लागतो.

मग मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. बत्तीस घरं चोवीस तास घरात. त्या मे महिन्यात माझ्यातली मास्तरीण जागी झाली. सोसायटीने गेटवर तापमान मोजायची बंदूक आणली होती, आठवते ना? तिच्यात माणसाऐवजी वस्तूचं तापमान दाखवायचीही सोय होती. बाहेर ४४ असताना एका संध्याकाळी सहा वाजता मी आणि सचिव, दोघं तोंडाला मास्क लावून छतं मोजत फिरलो. जिन्याच्या वरच्या छताला काहीच केलेलं नव्हतं, ते आतून ४६. 'ब' इमारतीत चुना मारलेल्या गच्चीखालचं छत ४०. आमच्या खोलीतलं छत ३६. एकच सोसायटी, एकच ऊन, एकच वेळ. मुलांना शिकवायला याहून चांगला प्रयोग मला तीस वर्षांत मिळाला नव्हता.

आई तेव्हा आपल्या खोलीत झोपत होत्या. मी विचारलं, "आता तवा कसा आहे?" त्या म्हणाल्या, "आता धाब्याखाली आल्यासारखं वाटते." पुढे दोन उन्हाळे त्यांनी त्याच खोलीत काढले. तिसरा त्यांच्या नशिबात नव्हता. पण गेल्या त्या आपल्या घरात, आपल्या पलंगावर, डिसेंबरच्या थंडीत. ऊन त्यांना घेऊन गेलं नाही, याचं समाधान मला या सोसायटीने दिलं. 'ब' इमारतीचं काम पुढे २०२२ मध्ये झालं, तेव्हा काकांनी सभेत कुणाला बोलूच दिलं नाही. "आधी वर जाऊन पाच मिनिटं बसून या," एवढंच म्हणाले.

आपल्या जुन्या लोकांना हे सगळं माहीत होतं. धाब्यावर माती होती. कवेलूच्या घराला माळा होता. माळ्यावर कांदे, लसूण, कडबा, जुनी भांडी. आपण त्याला अडगळ म्हणायचो, पण कवेलूंची उष्णता त्या माळ्यावरच अडायची आणि कवेलूंच्या फटींतून बाहेर जायची. थंडीच्या देशांत लोक अशाच माळ्यावर कापसासारखं आवरण पसरतात, आतली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून. आपलं दुखणं उलटं, पण औषध तेच. सिमेंटचा स्लॅब आला, माळा गेला, आणि आपण सूर्याच्या थेट खाली येऊन बसलो.

आता काही विनंत्या.

एक. गच्चीत ड्रिल मारू नका. मांडवाचा खांब, डिशचा स्टँड, वाळवणाचा बांबू, काहीही. एका भोकातून पाणी पत्र्याखाली शिरलं तर सगळी मेहनत वाया जाईल. कुरड्या-पापड जरूर घाला, पांढऱ्या फरशीवर चादर अंथरून घाला.

दोन. फेब्रुवारीत एकदा गच्ची घासून धुवायची. पांढरी गच्ची मळली की अर्धं काम थांबतं.

तीन. छत अडवलं म्हणून खिडक्यांकडे दुर्लक्ष नको. पश्चिमेच्या खिडकीतून आत आलेलं ऊन आता सहज बाहेर जाणार नाही. दुपारी बाहेरून पडदा किंवा वाळ्याची ताटी, आणि रात्री हवा गार झाली की खिडक्या उघड्या.

चार. गच्चीवर सौर पॅनेल बसवायचा विषय समितीपुढे आहे. त्यांची सावलीही छताला मिळेल, चांगलंच आहे. पण ती बसवताना वॉटरप्रूफिंगला धक्का लागणार नाही, हे आधी कागदावर लिहून घ्या.

आणि शेवटची विनंती. ती मी आज या मंचावरून करायची असं ठरवूनच आले आहे. २०२० च्या त्या संध्याकाळी आम्ही आणखी एक छत मोजलं होतं, पण तो आकडा आम्ही सभेत कधी सांगितला नाही. गेटवरच्या चौकीदाराच्या खोलीचं. तिथे स्लॅबही नाही, नुसता टिनाचा पत्रा. बंदुकीत ५६ आलं. आपले चौकीदार भाऊ त्या पत्र्याखाली सोळा वर्षं बसताहेत. त्या रात्री आईंची खुर्ची उतरवताना गाडी काढून दाराशी उभे होते ते हेच. आपण दोन्ही इमारती गार केल्या आणि गेटपाशी येऊन थांबलो. मीसुद्धा थांबले. माझं छत गार झालं तशी मी गप्प बसले.

दहा फूट बाय आठ फूट. आपल्या कामातून उरलेले काही उष्णतारोधक पत्रे अजून पंपाच्या खोलीत पडलेले आहेत. टिनावर पांढरा रंग, खालून ते पत्रे, त्यांना आगीपासून झाकायला सिमेंट शीट, आणि पत्रा व भिंत यांच्यामध्ये गरम हवा बाहेर जायला फट. दोन दिवसांचं काम आहे. यासाठी ठराव लागत असेल तर सूचक मी.

(या ठिकाणी पहिल्या मजल्यावरचे काका उभे राहून "अनुमोदक मी" असं म्हणाले. समितीने हे काम येत्या होळीपूर्वी करायचं मान्य केलं आहे, हे इथे आनंदाने नमूद करते.)

पंचवीस वर्षांपूर्वी आपण बत्तीस कुटुंबं एका छताखाली आलो असं आमंत्रणपत्रिकेत छापलंय. खरं सांगायचं तर छताखाली आम्ही चारच घरं होतो, बाकीचे आमच्या खाली होते. २०१९ नंतर मात्र ते छत सगळ्यांचं झालं.